बिनवजनाची खोली

बोरखडक उपकेंद्र, ता. तलासरी
१४ जून २०१८

ती. शांताराममामांना नयनाचा नमस्कार.

फोन करून उपयोग नाही असं आई म्हणाली, म्हणून लिहिते. ग्राइंडरने आणि इंजिनांनी तुमचे कान खाल्ले हे माहीत होतं, पण मोबाइलवर मेसेजही चालत नाही हे आत्ताच कळलं. आई म्हणाली, "रेझिनने त्याची बोटं इतकी टणक झालीत की फोनच्या काचेला ती माणसाची वाटतच नाहीत." मी हसले, आणि मग वाईट वाटलं.

मी इथे तीन वर्षं नर्स आहे. आमच्या हद्दीत अकरा पाडे. त्यातल्या चार पाड्यांचा रस्ता म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी. गरोदर बायकांना तपासायला दोन तास चालत यावं लागतं, म्हणून त्या येतच नाहीत. डहाणूच्या एका संस्थेने आम्हांला ट्रेलर दिला. जीपमागे ओढायचा पत्र्याचा डबा, आत तपासणीची खोली. कल्पना चांगली होती, पण आतलं काम करणाऱ्याने जाड प्लायवूड, लोखंडी टेबल आणि स्टीलचं कपाट ठोकून ठेवलंय. मागच्या आठवड्यात आमचा जीपवाला रूपेश पहिल्याच चढावर अडकला. जीप पुढे जायचं सोडून ट्रेलरच तिला मागे ओढायला लागला. रूपेशने उडी मारून चाकाखाली दगड लावले म्हणून वाचलो. तेव्हापासून तो डबा चिंचेखाली उभा आहे आणि आत कोंबड्या बसतात.

तुम्ही चिंचणीत फायबरच्या होड्या बांधता. लहानपणी मी बघितलंय, चार माणसं अख्खी होडी उचलून वाळूवर ठेवायची. मामा, खोली तशी बांधता येईल का? भिंती, टेबल, कपाटं, सगळं नव्याने?

तुमची भाची
नयना


चिंचणी
२६ जून २०१८

चि. नयनास आशीर्वाद.

पत्र पोचलं, तीनदा वाचलं. मला आता कोणी काही विचारत नाही. जेवायला या, एवढं खुणेने सांगतात. तू पानभर विचारलंस.

होडी वेगळी, खोली वेगळी. होडीला पाणी खालून उचलतं. खोलीला उचलणार रूपेशची जीप, म्हणजे ती होडीहूनही हलकी पाहिजे. मी करीन. मासेमारी बंद आहे, होड्या वर काढल्यात, दुरुस्त्या नारळी पुनवेपर्यंत उरकतील. आतलं सामान काढून ट्रेलर पाठव. पत्रा मी इथे उतरवीन, खाली नुसती चौकट आणि चाकं ठेवीन. कोंबड्याही काढ.

पण आधी हे कळव. तिथली सर्वांत उंच बाई किती उंच? दिवस भरलेली बाई पायरी किती उंच चढू शकते? कुशीवर वळताना तिला किती जागा लागते? तू उभी राहून तपासतेस की बसून? औषध काढताना तुझा कुठला हात मोकळा असतो? नाखव्याची होडी बांधतानाही मी असंच विचारतो. आत वावरणाऱ्या माणसाची मापं पहिली, बाकीची नंतर.

शांताराम


चिंचणी
३० ऑगस्ट २०१८

चि. नयनास आशीर्वाद.

ट्रेलर आला, मापं मिळाली. आता काय झालं ते ऐक.

शीतगृहाच्या भिंतीत घालतात तसल्या निळ्या फोमच्या लाद्या आणल्या. विचार असा, की मध्ये फोम ठेवायचा आणि दोन्ही अंगांना ग्लासचं कापड रेझिनने चिकटवायचं. पहिल्या लादीवर आपलं नेहमीचं होडीचं रेझिन ओतलं. चाळीस वर्षं मी ते हाताळतोय, पण असं कधी बघितलं नव्हतं. फोम विरघळला! माझ्या डोळ्यांदेखत लादीला खड्डा पडत गेला आणि तळाला नुसता निळा चिकटा उरला. माझा नविन तारापूरला कंपनीत आहे ना, त्याने तिथल्या जाणत्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, या फोमला इपॉक्सीच लागतं, दुसरं काही चालत नाही.

इपॉक्सीला मी जन्मात हात लावला नव्हता. होडीच्या रेझिनचा वास आळीच्या टोकापर्यंत जातो, याला जवळजवळ वासच नाही. काट्यावर तोलून मिसळायचं. होडीच्या रेझिनमध्ये हार्डनर थोडा जास्त पडला तर ते लवकर सुकतं, एवढंच. इथे जास्त पडला तर कधीच नीट सुकत नाही. बादलीत तसंच ठेवलं तर आपोआप तापून धूर सोडतं. मिसळलं की लगेच पसरायचं. बासष्टाव्या वर्षी मी शिकाऊ झालो.

काल पहिली फळी सुकली. जाडी अंगठ्याएवढी. दोन टोकांना विटा ठेवल्या, त्यावर फळी ठेवली आणि मी चढलो. नुसता फोम माझ्या गुडघ्याखाली कटकन मोडतो. नुसतं कापड लुगड्यासारखं लोळतं. पण दोघं एकमेकांना धरून राहिले आणि पंचाहत्तर किलोचा मी त्यांच्यावर उभा. फळी वाकली नाही. खाली उतरलो, एका हाताने ती डोक्यावर उचलली, परत ठेवली, परत चढलो. असं चार वेळा केलं. शेजारच्या बायका बोंबील वाळत टाकायचं सोडून बघत होत्या. माझी सून संगिता नविनला सांगत होती, बाबांना काहीतरी झालंय. तिच्या ओठांवरून कळलं मला.

खरंच झालंय. मजबूत म्हणजे वजनदार, असंच मी आजपर्यंत धरून चाललो होतो.

त्या फळीचा एक तुकडा रूपेशबरोबर पाठवतोय. हातात घेऊन बघ.

शांताराम


बोरखडक
२० सप्टेंबर २०१८

ती. मामांना नमस्कार.

तुकडा मिळाला. मी तो टेबलावर ठेवलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देते. सगळ्यांचा हात आधी वर उडतो, कारण वजन असेल म्हणून त्यांनी जोर लावलेला असतो.

सुकीचं मात्र वेगळं झालं. सुकी म्हणजे इथली जुनी सुईण. मी यायच्या आधी तीस वर्षं या पाड्यांतली बाळंतपणं तिनेच केली. आता ती माझ्याबरोबर असते आणि माझ्या चुका काढते. तिने तुकडा उडवून बघितला नाही. आधी बोटाच्या पेराने ठोकला, मग कापलेल्या कडेला डोळा लावून बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हा तर कूड आहे."

मी म्हटलं, कसला कूड?

ती मला हाताला धरून तिच्या घरी घेऊन गेली आणि भिंत दाखवली. मामा, मी रोज त्या भिंतीला टेकून चहा पिते. आत कारवीच्या काठ्या आणि दोन्ही अंगांना शेणमातीचं लिंपण. काठी एकटी मोडते, लिंपण एकटं गळून पडतं. "तुझ्या मामाने काठीच्या जागी वारा भरलाय," सुकी म्हणाली. "हुशार आहे. पण लिंपायला कोणाकडून शिकला?"

काय सांगू तिला?

एक मागणं आहे. टेबलापुढे पडदा हवाच. पडदा नसेल तर कोणी आडवी होणार नाही. आणि पायरी एक नको, दोन बुटक्या करा.

नयना


चिंचणी
३ नोव्हेंबर २०१८

चि. नयनास आशीर्वाद.

सुकीबाईंना सांग, लिंपायला मी माझ्या आजीकडून शिकलो. आमचंही घर तेव्हा कुडाचंच होतं. सुकीबाई म्हणेपर्यंत मला त्याची आठवणच नव्हती. पत्र वाचून मी अर्धा दिवस काम केलं नाही, बसून राहिलो.

छत आणि एक बाजू झाली. परवा छताची मोठी फळी बाहेर उन्हात ठेवली होती. खाडीकडून वारा आला, फळी उठली आणि पतंगासारखी किनाऱ्यावरून गेली ती थेट बोंबील वाळवायच्या बांबूंवर, वलांडीवर. बायकांनी मला जे ऐकवलं ते, देवाची कृपा, मला ऐकू येत नाही. फळीला मात्र ओरखडासुद्धा नाही.

कोपरे मी गोल करतोय. इपॉक्सीत बारीक पूड कालवून त्याचं पीठ करतो आणि चमच्याच्या पाठीने कोपऱ्यात फिरवतो. काटकोनात घाण साठते, गोल कोपरा एका फडक्यात पुसला जातो. तुझ्या कामाला ते बरं.

हातांना हल्ली खाज सुटते. संध्याकाळी थिनरने खसखसून धुतो. होडीच्या रेझिनपेक्षा हे बरं, वास तरी नाही.

दिवाळीला येशील का?

शांताराम


बोरखडक
२८ नोव्हेंबर २०१८

ती. मामांना नमस्कार.

दिवाळीला आले नाही आणि आता येणंही कठीण आहे. तुम्ही पेपरात वाचलं असेल. दिवाळी सरल्यावर इथे जमीन हलायला लागली.

आधी आवाज येतो. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. मग भांडी वाजतात आणि मग सगळं हलतं. तीन-चार सेकंदच, पण लोक ते तीन-चार सेकंद दिवसभर अंगावर घेऊन फिरतात. कधी दोन दिवस काही नाही, कधी एका दुपारीत तीनदा. मोठे साहेब येऊन यंत्रं बसवून गेले. का होतंय आणि कधी थांबणार, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही.

उपकेंद्राच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत तडा गेलाय. पाड्यांवर ज्यांनी मोठ्या हौसेने विटांची घरं बांधली, ती मंडळी आता ताडपत्रीखाली राहतात. सुकीच्या कुडाला काही झालं नाही. हलतो आणि जागेवर येतो.

बायका आता आत पाऊलच टाकत नाहीत. दारापर्यंत येतात, छताकडे बघतात आणि तिथेच थांबतात. मी त्यांना रागावू कशी? मीसुद्धा आत असले की एक डोळा दाराकडे ठेवून रक्तदाब मोजते.

मामा, ट्रेलर लवकर हवाय. चढ चढण्यासाठी मागितला होता, आता त्याहून मोठं कारण आहे. डोक्यावर पडलं तरी मारणार नाही असं छत या पंचक्रोशीत तेवढंच असेल.

नयना


चिंचणी
१२ डिसेंबर २०१८

चि. नयना,

पत्र मिळालं. काम चालू आहे. थंडीत सुकायला वेळ लागतो. घाई करून होत नाही.

शांताराम


बोरखडक
५ जानेवारी २०१९

ती. मामांना,

महिनाभरात तीन ओळी. त्यानंतर काहीच नाही.

काल सकाळी सातला भिकाची बायको जमना कळा देत चालत आली. तिने तडा बघितला आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली. मी विनवलं, सुकीने शिव्या घातल्या, ती हलली नाही. "पोर आत मरण्यापेक्षा बाहेर होऊ दे," म्हणाली. दव पडलं होतं, माती ओली होती. चार बायकांनी लुगडी धरून आडोसा केला आणि त्यात मी गुडघ्यांवर बसून बाळंतपण केलं. मुलगी झाली, चांगली आहे. पण जमनाचं रक्त थांबेना. आडोशात ना उजेड नीट, ना सलाईन टांगायला जागा. एका बाईने बाटली हातात धरून ठेवली. रूपेशने जीप कशी हाकली ते त्याचं त्यालाच माहीत. कासाच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती पांढरीफटक होती. वाचली. फक्त वाचली, एवढंच म्हणते मी.

ट्रेलर इथे असता तर ती टेबलावर असती.

तुम्हांला होणार नसेल तर तसं सांगा. होड्यांची मोठी कामं आली असतील, मी समजू शकते. पण मग डबा आहे तसा परत पाठवा. मी सुतार बघते.

नयना


चिंचणी
९ जानेवारी २०१९

नयनाताईंना संगिताचा नमस्कार.

तुमचं पत्र बाबांच्या आधी माझ्या हाती पडलं. मी ते वाचलं, माफ करा. बाबांना अजून दिलेलं नाही.

ताई, होड्यांचं कुठलंच काम आलेलं नाही. बाबांनी नोव्हेंबरपासून एकही होडी घेतली नाही. त्यांचे हात गेलेत. आधी खाज, मग फोड, मग कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तरी ते दुधाच्या पिशव्या हाताला बांधून काम करत राहिले. तुमचं भूकंपाचं पत्र आल्यावर तर सकाळी सहाला सुरू करायचे. डिसेंबरात एक दिवस चेहरा एवढा सुजला की डोळे मिटले. तेव्हा नविन त्यांना जबरदस्तीने बोईसरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, इपॉक्सीची ॲलर्जी झालीय. आता आयुष्यात कधीही त्याला हात लावायचा नाही, जवळसुद्धा उभं राहायचं नाही. थिनरने हात धुतल्यामुळे ते जास्तच आत गेलं म्हणे.

तुम्हांला आलेल्या त्या तीन ओळी त्यांनी पेन दोन तळहातांत धरून लिहिल्या. मी लिहिते म्हटलं तर नको म्हणाले. "अक्षर बदललं तर तिला कळेल."

आता रोज ट्रेलरसमोर खुर्ची टाकून बसतात. दोन भिंती, टेबल आणि कपाटं राहिलीत. फोम कापून ठेवलाय, कापड कापून ठेवलंय. नुसते बघत बसतात.

मी सांगितलं हे त्यांना सांगू नका.

संगिता


बोरखडक
१३ जानेवारी २०१९

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

संगितावर रागावू नका. तिने सांगितलं नसतं तर मी तुम्हांला आणखी काय काय लिहिलं असतं कोण जाणे. "थिनरने खसखसून धुतो" असं तुम्ही मला स्वतः लिहिलं होतंत. मी नर्स आहे, मामा. ती ओळ वाचून मी पुढे गेले. मी तुमच्या कामाची वाट बघत होते, तुमच्याकडे बघतच नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलंय ते शब्दन् शब्द पाळा. बाकीचं आता माझ्याकडून.

मी सुकीला तुमचं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "लिंपायचंच आहे ना? ते मला येतं." मी म्हटलं, अगं, ते शेण नाही, त्याने माणसाचे हात जातात. ती म्हणाली, "मग हातांना काहीतरी घाल."

पुढच्या सोमवारी रूपेश सुकीला आणि तिची सून धाकली हिला घेऊन येईल. हातमोजे, लांब बाह्यांचे सदरे आणि मास्क मी देते. मोजे दर तासाला बदलायचे, आणि हात साबणाने धुवायचे, फक्त साबणाने. तुम्ही लांब बसायचं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. नुसतं दाखवायचं. सुकीला मराठी कळतं, तुम्हांला ऐकू येत नाही, तुमचं कसं जमणार ते तुमचं तुम्ही बघा.

धाकलीची दोन पोरं तिच्या नवऱ्यापाशी राहतील.

नयना


चिंचणी
४ फेब्रुवारी २०१९

चि. नयनास अनेक आशीर्वाद.

हात पुष्कळ बरे आहेत. हे मी नीट पेन धरून लिहितोय, अक्षर बघ.

ट्रेलर उद्या रूपेशबरोबर निघेल. त्याआधी हे दोन आठवडे तुला सांगितले पाहिजेत.

पहिल्या दिवशी मी काठीने वाळूवर चित्र काढून दाखवायला लागलो. सुकीबाईंनी चित्र पायाने पुसलं, कापड उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी हवेत हात फिरवला, असं ओत. त्यांनी ओतलं. मी पट्टी ओढायची खूण केली, मधून कडेकडे. त्यांनी ओढली. चाळीस वर्षांत मी बरीच पोरं तयार केली. कापडात बुडबुडा राहू नये एवढं शिकायला चांगल्या पोराला वर्ष लागतं. या बाईने तिसऱ्या फळीला मला मागे टाकलं. किती दाबायचं, कुठे सोडायचं, कापड कुठे तहानलंय आणि रेझिन कुठे जास्त झालंय, हे त्यांच्या हातांना मोज्यांतूनही कळत होतं. मोज्यांना मात्र त्या रोज काहीतरी म्हणायच्या, धाकली हसायची.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. फळी सुकल्यावर ठोकून बघावी लागते. कुठे कापड फोमला चिकटलं नसेल तर तिथला आवाज पोकळ येतो. कान होते तेव्हा मी होड्या अशाच तपासायचो. आता तळहात ठेवून अंदाज घेतो आणि निम्म्या जागा सुटतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या हाताखालच्या दोन होड्यांना गेल्या पावसात पाणी लागलं ते यामुळेच.

सुकीबाई कोणी न सांगता उठल्या आणि मी एकट्याने केलेली भिंत पेराने ठोकत निघाल्या. हळूहळू, कान लावून, बाईचं पोट तपासावं तशा. एका जागी थांबल्या, मागे गेल्या, परत आल्या. चुलीतला कोळसा आणून तिथे गोल काढला. असे तीन गोल. मी कापून बघितलं, म्हणजे नविनने कापलं. तिन्ही जागी खाली पोकळ. एक तर चार बोटं रुंद होती.

नयना, मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. ज्या बाईने कधी रेझिन बघितलं नव्हतं, तिने माझी चूक ऐकली.

शुक्रवारी दुपारचा मोठा धक्का इथेही जाणवला. तुमच्याकडे काय झालं ते कळेना, फोन लागेना. धाकली रडायला लागली, पोरं तिकडे. तासाभराने फोन लागला. पोरं शेतात होती, सुखरूप. मी खूण केली, काम राहू द्या, घरी जा. सुकीबाईंनी मान हलवली, मोजे चढवले आणि धाकलीच्याही हातात मोजे दिले. शेवटची भिंत त्यांनी त्या दुपारी लिंपली. मी लिंपलीच म्हणतो.

भिंती-छतासकट सगळं मिळून सत्त्याऐंशी किलो भरलं. जुनं साडेचारशे होतं.

शांताराम


बोरखडक
२२ फेब्रुवारी २०१९

ती. मामांना नमस्कार.

ट्रेलर चढला! रूपेशने पहिला गियर टाकला आणि आम्ही सगळे बाजूला दगड घेऊन उभे. तो वर पोचला, खाली उतरला आणि मागे जाऊन बघून आला, ट्रेलर सुटून तर नाही ना पडला. त्याला ओढल्यासारखं वाटलंच नव्हतं.

आत गेले की आधी भिंतीवरून हात फिरवते. एकही कोपरा टोचत नाही. भिंती शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या दिसतात. औषधं डाव्या हाताला, कारण माझा उजवा गुंतलेला असतो. हे तुम्ही मला जूनमध्ये विचारलं होतंत.

पण खरं तेच सांगते. बायका अजून आडव्या होत नाहीत. बघायला सगळ्या येतात, भिंतीला हात लावतात, सुकी त्यांना बढाया सांगते. टेबलावर झोप म्हटलं की नाही. "उभ्याउभ्याच तपासा." एक जण कशीबशी टेकली, तेवढ्यात जमीन हलली. ती पोटासकट उडी मारून बाहेर. पायरीवरून पडता पडता धाकलीने धरली. दोष खोलीचा नाही. तीन महिने त्यांच्या अंगाने एकच शिकलंय, छप्पर दिसलं की पळ.

उभ्या बाईचं पोट तपासता येत नाही, मामा. बाळ आडवं आहे की उभं, हे कळायला तिला दहा मिनिटं निवांत पडावं लागतं. ती दहा मिनिटं मला मिळत नाहीत.

दाराची कडी जरा अडकते. हात बरे असतील तर एकदा येऊन बघाल? कडी ॲल्युमिनियमची आहे, तिला हात लावायला हरकत नाही.

नयना


चिंचणी
१५ मार्च २०१९

चि. नयनास आशीर्वाद.

मंगळवारी मी आलो होतो. तू कासाला पेशंट घेऊन गेली होतीस. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, पण चारोटीची शेवटची जीप चुकली असती. त्यामुळे जे बघितलं ते लिहूनच सांगतो.

ट्रेलर वरच्या पाड्यावर उभा होता. दुपारचे बारा-साडेबारा. मी दाराशी बसून कडी खोलली. सुकीबाई आत होत्या. एक बाई आली, सात-आठ महिन्यांची असावी. नाव विचारलं नाही, विचारून मला ऐकू आलं नसतं. सुकीबाई तिच्याशी काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. तिचा हात धरून तो भिंतीवर ठोकला, मग तिलाच ठोकायला लावलं. माझ्याकडे बोट दाखवलं. बाईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं. मी पुरुष माणूस, म्हणून पाठ फिरवून बसलो. सुकीबाईंनी पडदा ओढला.

मी कडीचा स्क्रू बसवत होतो. एकाएकी तो माझ्या बोटांत थरथरला. मला वाटलं, हात परत दगा देतायत. मग दार थरथरलं, पायरी, माझी मांडी. मग अख्खा ट्रेलर चाकांवर डुलला, शेजारून मोठी बोट गेली की नांगरलेली होडी डुलते तसा.

मी समोर बघितलं. लोक घरांतून बाहेर पळत होते. ताडपत्रीखालचे उठले, शाळेतली पोरं मैदानात धावली, एक म्हातारा कोंबडी काखेत घेऊन पळत होता. सगळ्यांची तोंडं उघडी. मला काहीच ऐकू येत नव्हतं. खालून येणारं ते मात्र मला लागत होतं, हाडांत. एवढ्या मोठ्या जमिनीला हलवणारं ते काय असेल, नयना? मी समुद्रावर वादळं बघितलीत. वादळात निदान कुठून येतंय ते दिसतं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीही होती, पण नुसती भीती नव्हती. पहिल्यांदा होडीत बसवून बापाने किनारा दिसेनासा होईपर्यंत नेलं होतं, तेव्हा असं झालं होतं.

मग मला आतल्या बाईची आठवण झाली. मी पायरीवरून बाजूला सरकलो, तिला पळायला वाट हवी म्हणून. आणि वळून बघितलं.

पडदा खालून वीतभर आखूड आहे. तेवढ्या फटीतून सुकीबाईंचे दोन पाय दिसत होते, रुतवून उभे. मी त्या फटीकडे बघत राहिलो. आत्ता तिचे पाय खाली येतील, आत्ता पडदा फाटेल, आत्ता ती धावेल. खोली डुलत होती. कपाटातली एक बाटली आडवी झाली आणि गोल कोपऱ्याला टेकून राहिली.

पाय खाली आले नाहीत.

डुलणं थांबलं. लोक मैदानात एकमेकांना मोजत होते. मी तसाच, स्क्रू हातात धरून. फटीत अजून सुकीबाईंचेच दोन पाय. मग ते पाय हळूच वळले, टेबलाकडे झाले, आणि टाचा किंचित उचलल्या गेल्या. वाकून पोट तपासताना उचलल्या जातात तशा.

बाळ उभं आहे की आडवं, ते मला विचारता आलं नाही. ते तू कळव.

शांताराम